‘पुढे शाळा आहे’ : फलक, कायदा आणि वेग

जूनच्या मध्यास शाळा उघडल्या की आमच्या गावच्या मुख्य रस्त्याचे रूप पालटते. सकाळी सातच्या सुमारास आणि पुन्हा दुपारी साडेबाराला, एक सत्र सुटून दुसरे भरण्याच्या वेळी, रस्त्याच्या दोन्ही कडांना दप्तरांची आणि छत्र्यांची रांग लागते. याच रस्त्यावर शाळेच्या फाटकापासून शंभर-सव्वाशे पावलांवर एक फलक आहे. ‘पुढे शाळा आहे, वाहने सावकाश चालवा’ असे त्यावर लिहिले आहे. खाली ‘सौजन्य’ म्हणून एका दुकानाचे नाव आहे, आणि ते मूळ सूचनेच्या दुप्पट आकाराच्या अक्षरांत आहे. गेल्या वर्षभरात बराच काळ तेही दिसत नव्हते, कारण फलकाच्या खांबाचा उपयोग कोणा ना कोणा नेत्याला वाढदिवसाच्या शुभेच्छा देण्यासाठी होत होता.

सावकाश म्हणजे किती, हे त्या फलकावर लिहिलेले नाही. बैलगाडीच्या काळात ते लिहिण्याची गरज नव्हती, आज आहे. ताशी ऐंशीने येणाऱ्या माणसाला साठ हा वेग सावकाशच वाटतो.

माझ्या वर्गातील काही विद्यार्थ्यांनी या फाटकासमोर एक साधा प्रयोग केला. रस्त्याच्या कडेला टेपने पन्नास मीटर अंतर मोजून दोन्ही टोकांना खडूच्या रेघा ओढल्या आणि घड्याळ घेऊन उभे राहिले. पन्नास मीटर अंतर तोडण्यास वाहनाला सहा सेकंद लागले तर त्याचा वेग ताशी तीस किलोमीटर होतो. चार सेकंद लागले तर ताशी पंचेचाळीस. सहा सेकंदांहून अधिक वेळ घेणारी वाहने मुख्यतः सायकली, हातगाड्या आणि प्रवासी शोधत रेंगाळणाऱ्या रिक्षा हीच होती. बाकीची बहुतेक वाहने चार सेकंदांच्या आसपास, आणि काही त्याच्याही आत निघून जात. दुसऱ्या दिवशी विद्यार्थ्यांनी थोड्या संकोचाने मला सांगितले, की माझी स्कूटरही त्यांच्या वहीत नोंदली गेली आहे. तिला चार सेकंद लागले होते. मला पहिल्या तासाला उशीर होत होता. हा लेख इतरांना उपदेश करण्यासाठी लिहिलेला नाही, हे वाचकांच्या ध्यानात यावे म्हणून ही गोष्ट आरंभीच नमूद करतो.

चौदा मीटरांचा हिशोब

तीस आणि पन्नास या दोन आकड्यांतील फरक मनाला फारसा मोठा वाटत नाही. पण रस्त्यावर तो कसा प्रकट होतो, हे पाहिले पाहिजे. मूल अचानक समोर आले की ते दिसणे, मेंदूने निर्णय घेणे आणि पाय ब्रेकवर पडणे यांत सावध चालकाचाही सुमारे एक सेकंद जातो. ताशी तीसच्या वेगाने या एका सेकंदात मोटार साधारण आठ मीटर पुढे सरकते आणि कोरड्या, चांगल्या रस्त्यावर ब्रेक लागल्यानंतर आणखी सहा मीटरांत थांबते. म्हणजे एकूण चौदा मीटर. ताशी पन्नासच्या वेगाने त्या पहिल्या सेकंदातच मोटार चौदा मीटर जाते, आणि नंतर थांबण्यास आणखी सोळा मीटर घेते. याचा अर्थ असा, की ज्या ठिकाणी तीसची मोटार पूर्णपणे थांबलेली असते, तेथे पन्नासच्या मोटारीचा ब्रेक नुकता कोठे दाबला जात असतो. पहिल्या मोटारीखाली येता येता वाचलेले मूल दुसऱ्या मोटारीला पूर्ण वेगाने धडकते. शिवाय आघाताची शक्ती वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. म्हणून तीसपेक्षा पन्नासचा आघात पावणेतीनपट असतो. पावसाळ्यात, झिजलेल्या टायरांवर आणि रस्त्यावर सांडलेल्या तेलावर हा हिशोब आणखी बिघडतो. आपल्याकडे शाळा उघडतात त्याच पावसाळ्यात, हेही विसरता कामा नये.

‘मुलांनी पाहून रस्ता ओलांडावा’ हा यावरचा नेहमीचा शेरा. मुलांना शिकवावे, यात शंका नाही. परंतु स्टिना सँडेल्स या स्वीडिश मानसशास्त्रज्ञ विदुषीने १९६० च्या दशकात रस्त्यावरील मुलांचा जो अभ्यास केला, त्यातून एक गोष्ट स्पष्ट झाली : लहान मुलांना येणाऱ्या वाहनाच्या वेगाचा आणि आवाजाच्या दिशेचा अंदाज प्रौढांप्रमाणे घेता येत नाही, आणि हे केवळ शिकवण्याने येत नाही, वयानेच येते. पहिलीतले मूल उभ्या असलेल्या मोटारीच्या आडून बाहेर येते तेव्हा ते चालकाला दिसत नाही आणि त्यालाही चालक दिसत नाही. मुलाला मोठ्यांच्या रहदारीजोगे करणे निसर्गतः शक्य नाही. म्हणून रहदारीच मुलाजोगी करावी लागते. फेब्रुवारी २०२० मध्ये स्टॉकहोम येथे भरलेल्या जागतिक परिषदेने, पादचारी व वाहने जेथे नेहमी एकत्र येतात तेथे वेगाची कमाल मर्यादा ताशी तीस असावी, असा आग्रह धरला तो याच विचाराने.

आपल्या देशात २०२२ साली रस्त्यांवर १,६८,४९१ माणसे मृत्यू पावली, आणि त्यांतील सत्तर टक्क्यांहून अधिक मृत्यू अतिवेगाच्या सदरात नोंदले गेले, असे केंद्र सरकारच्या वार्षिक अहवालात नमूद आहे. मृतांत अठरा वर्षांखालील मुले नऊ हजारांहून अधिक होती. अतिवेगाचे सदर पोलीस काहीसे सैलपणे वापरतात, हे मान्य करूनही प्रश्नाचे गांभीर्य उणावत नाही.

फलक नाही तर मर्यादा नाही

फलक ही केवळ शोभेची वा सौजन्याची वस्तू आहे, असा आपल्याकडे समज आहे. कायद्याची दृष्टी मात्र निराळी आहे. १९३९ च्या जुन्या कायद्याची जागा घेणाऱ्या १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या ११२ व्या कलमान्वये राज्य शासनाला, किंवा शासनाने अधिकार दिलेल्या प्राधिकाऱ्याला, सार्वजनिक सुरक्षिततेसाठी एखाद्या रस्त्यावर वेगाची कमी मर्यादा ठरवून देता येते. त्यासाठी दोन गोष्टी लागतात : राजपत्रात अधिसूचना, आणि कलम ११६ प्रमाणे योग्य ठिकाणी लावलेला वाहतूक-चिन्हाचा फलक. या दोहोंपैकी एक नसेल तर मर्यादेचा पाया ढासळतो. सौजन्याच्या फलकाला कायद्याच्या लेखी काडीचीही किंमत नाही. अधिसूचना आहे पण फलक वडाच्या पारंब्यांत दडलेला आहे, अशी स्थिती असेल, तर ‘मला मर्यादा दिसलीच नाही’ हे चालकाचे म्हणणे खोडून काढणे कठीण जाते. वाहतूक-चिन्ह झाकणारी किंवा चिन्हासारखीच दिसून दिशाभूल करणारी जाहिरात काढून टाकण्याचा अधिकारही ११६ व्या कलमाने दिलेला आहे. तो किती वेळा वापरला जातो, हे वाचकांनी आपापल्या गावातील चौकात उभे राहून ठरवावे.

वेग सिद्ध करण्याची अट तितकीच कडक आहे. अतिवेगाबद्दल शिक्षा सांगणारे कलम १८३ असे म्हणते, की केवळ एका साक्षीदाराच्या मतावर कोणालाही दोषी ठरवता येणार नाही. ते मत यांत्रिक वा इलेक्ट्रॉनिक साधनाच्या मोजणीवर आधारलेले असले पाहिजे. ही अट न्याय्यच आहे. पण तिचा व्यवहारातील अर्थ असा, की ज्या हवालदाराच्या हातात वेग मोजण्याचे यंत्र नाही, तो शाळेसमोर दिवसभर उभा राहिला तरी वेगमर्यादेपुरता तो निःशस्त्र असतो. मोठ्या शहरांबाहेर अशी यंत्रे किती आणि ती शाळांसमोर किती वेळ असतात, हा प्रश्न विचारला की उत्तर आपोआप मिळते. जी थोडी यंत्रे असतात ती महामार्गावर उभी राहतात, कारण तेथे एका तासात अधिक चलाने फाडली जातात.

खरी अडचण येथेच आहे. रस्ता एका संस्थेचा, अधिसूचना दुसऱ्या कार्यालयाची, यंत्र तिसऱ्याचे आणि मुले शाळेची. गावातून जाणारा रस्ता कधी नगरपालिकेचा, कधी सार्वजनिक बांधकाम खात्याचा, तर कधी राष्ट्रीय महामार्गाचा असतो. मुख्याध्यापकांनी अर्ज करावा तर कोणाकडे, येथून सुरुवात होते. अर्जाचा प्रवास मुलांच्या प्रवासापेक्षा सुरक्षित असतो खरा, पण फार लांबचा असतो.

दंडाची रक्कम की दंडाची खात्री?

२०१९ च्या दुरुस्तीने अतिवेगाचा दंड वाढविण्यात आला. हलक्या वाहनांसाठी तो एक ते दोन हजार रुपये आणि मध्यम व जड वाहनांसाठी दोन ते चार हजार रुपये झाला. त्या वेळी दंड वाढला की शिस्त येईल, असा सार्वत्रिक सूर होता. अर्थशास्त्राच्या अभ्यासकाला तो पटणे कठीण होते. गॅरी बेकर यांनी १९६८ साली गुन्हा आणि शिक्षा यांच्या अर्थकारणावर एक प्रसिद्ध निबंध लिहिला. माणूस नियम मोडताना जी किंमत मनाशी धरतो ती दंडाची रक्कम नसून, ती रक्कम गुणिले पकडले जाण्याची शक्यता एवढी असते, हे त्यांच्या विवेचनाचे सूत्र होते. दोन हजारांचा दंड असला आणि हजार वेळा वेग वाढविल्यावर एकदा पकडले जाण्याची शक्यता असली, तर प्रत्येक वेळची किंमत दोन रुपये पडते. दोन रुपयांत आज खडूही येत नाही. दंड चौपट केला तरी ती आठ रुपयेच होते. उलट पकडले जाण्याची शक्यता दहात एक झाली, तर तीच दोनशे रुपये होते. शिक्षेच्या कठोरपणापेक्षा तिची निश्चितता माणसाला अधिक आवरते, हे इटालियन विचारवंत बेकारिया याने १७६४ सालीच सांगून ठेवले होते.

याचा पडताळा न्यूयॉर्क शहराने दिला आहे. तेथे २०१३ मध्ये केवळ शाळांच्या परिसरात वेग टिपणारे कॅमेरे बसविण्याचा प्रयोग वीस कॅमेऱ्यांनी सुरू झाला. २०१९ च्या कायद्याने साडेसातशे शाळा-परिसरांपर्यंत त्याचा विस्तार झाला आणि ऑगस्ट २०२२ पासून हे कॅमेरे अहोरात्र चालू राहू लागले. दंड फक्त पन्नास डॉलर, म्हणजे तेथील मानाने किरकोळ. पण तो जवळजवळ अटळ असल्यामुळे कॅमेरे असलेल्या ठिकाणी अतिवेगाचे प्रकार सत्तर टक्क्यांहून अधिक घटल्याचे शहराच्या अहवालांत दिसते. यातील एक प्रसंग उद्बोधक आहे. जुलै २०१८ मध्ये राज्याच्या विधिमंडळात मतभेद होऊन या कायद्याची मुदत संपली आणि दंडआकारणी थांबली. शाळा उघडण्याच्या सुमारास पालकांचा रेटा एवढा वाढला, की आणीबाणीचा आदेश काढून ती पुन्हा सुरू करावी लागली. कॅमेऱ्याला मोटारवाल्यांनी विरोध केला, तसा त्याला आधार देणारा वर्गही तेथे तयार झाला होता.

फलकाच्या बाबतीत ऑस्ट्रेलियातील न्यू साउथ वेल्स राज्याचे उदाहरण घेण्याजोगे आहे. तेथे शाळेच्या दिवशी सकाळी आठ ते साडेनऊ आणि दुपारी अडीच ते चार या वेळात शाळेसमोर ताशी चाळीसची मर्यादा असते. फलकावर आकडा असतो, वेळ असते, क्षेत्र कोठे संपते हेही असते. आणि २०१५ अखेर तेथील प्रत्येक शाळेजवळ त्या वेळात लुकलुकणारे दिवे बसविण्यात आले. चालकाला आठवण करून देण्याचे काम दिवा करतो, आणि दिवसाच्या उरलेल्या वेळात त्याची विनाकारण अडवणूक होत नाही. आपल्याकडे दोन सत्रांच्या शाळा आहेत, शनिवारी सकाळची शाळा आहे. म्हणून आपले वेळापत्रक निराळे आखावे लागेल. पण जो नियम नेमका असतो तो पाळला जाण्याची शक्यता अधिक, हे तत्त्व सिडनीइतकेच साताऱ्यालाही लागू आहे.

साडेएकवीस सेकंद

वेगमर्यादेने वाहतूक खोळंबते व राष्ट्राचा वेळ वाया जातो, असा एक आक्षेप घेतला जातो. तो अर्थशास्त्राच्या भाषेत घेतला जात असल्याने त्याला त्याच भाषेत उत्तर दिले पाहिजे. शाळेसमोरचे क्षेत्र तीनशे मीटरांचे धरू. ते ताशी पन्नासने ओलांडण्यास साडेएकवीस सेकंद लागतात आणि ताशी पंचवीसने त्रेचाळीस. म्हणजे प्रत्येक चालकाचे नुकसान सुमारे साडेएकवीस सेकंदांचे. दिवसाला दहा हजार वाहने गेली तर ही बेरीज साठ तासांची होते, आणि कागदावर ती मोठी दिसते. परंतु ही बेरीज फसवी आहे. साठ तास एका माणसाला मिळाले तर तो काहीतरी करील. दहा हजार माणसांना प्रत्येकी साडेएकवीस सेकंद मिळाले तर ते पुढच्या चौकातील लाल दिव्यापाशी तेवढे आधी पोहोचतील. शिवाय मर्यादा शाळेच्या वेळेपुरती ठेवली तर हे नुकसान आणखी कमी होते.

उलट बाजूला काय आहे? पिगू यांनी १९२० मध्ये मांडलेला विचार येथे तंतोतंत लागू पडतो. वेगाचा लाभ चालकाच्या खिशात जातो आणि धोक्याचा भार रस्त्याच्या कडेने चालणाऱ्यावर पडतो. आपल्या कृतीची किंमत दुसरा भरतो तेव्हा माणूस ती कृती गरजेपेक्षा अधिक करतो. येथे तो दुसरा आठ वर्षांचा असतो. त्याला मत नाही, संघटना नाही आणि वृत्तपत्राला पत्र लिहिण्याची सवयही नाही. असा भार ज्याचा त्याच्या पदरात टाकणे हेच शासनाच्या अस्तित्वाचे एक कारण आहे.

गतिरोधकांचे अर्थशास्त्र

आपल्याकडे हा प्रश्न सोडविण्याची रूढ पद्धत सर्वांना ठाऊक आहे. अपघात होतो, लोक रास्ता रोको करतात आणि दुसऱ्या दिवशी रात्रीतून गतिरोधक उभा राहतो. तो बहुधा इतका उंच आणि अरुंद असतो, की रुग्णवाहिकेतील रोग्याची हाडे खिळखिळी व्हावीत आणि दुचाकीवर मागे बसलेली बाई खाली पडावी. त्यावर रंग नसतो, आधी सूचना नसते. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मानकाप्रमाणे गोलाकार गतिरोधक ३.७ मीटर रुंद आणि दहा सेंटिमीटर उंच असावा, म्हणजे ताशी पंचवीसच्या सुमारास तो धक्का न देता ओलांडता येतो. एवढे मानक उपलब्ध असताना टेंगळे का उभी राहतात? कारण ती योजना म्हणून बांधली जात नाहीत. जमावाला शांत करण्यासाठी बांधली जातात.

असे असले तरी गतिरोधकाचा मार्ग टाकाऊ नाही. त्याला रजा लागत नाही, त्याची बदली होत नाही आणि त्याला कोणाचा दूरध्वनी येत नाही. शास्त्रशुद्ध गतिरोधक, किंचित उंचावलेला पट्ट्यांचा ओलांड-मार्ग आणि मुले थेट रस्त्यावर धावू नयेत म्हणून फाटकासमोर एक कठडा, या तीन गोष्टींना कॅमेऱ्याच्या मानाने फारच थोडा खर्च येतो. लहान गावांत फलकाचा अंमल प्रामुख्याने रस्त्याच्या रचनेनेच होईल, हे आपण स्वीकारले पाहिजे. याला एक महत्त्वाचा अपवाद आहे. जिल्हा परिषदेच्या कित्येक शाळा रस्ता अरुंद होता तेव्हाच्या आहेत. पुढे त्याचा चौपदरी महामार्ग झाला आणि शाळा जागच्या जागी राहिली. तेथे पंचवीसचा फलक लावणे ही मुलांची थट्टा ठरेल. तेथे भुयारी मार्ग किंवा शाळेचे फाटक दुसऱ्या अंगाला नेणे हेच उपाय होत. रस्त्याची रचना वा देखभाल ठरलेल्या मानकांप्रमाणे न केल्यामुळे मृत्यू वा अपंगत्व आल्यास जबाबदार संस्थेला व कंत्राटदाराला एक लाख रुपयांपर्यंत दंड सांगणारे कलम १९८-अ २०१९ पासून कायद्यात आहे. त्याचा उच्चार मात्र क्वचितच ऐकू येतो.

काय करता येईल?

नवा कायदा नको आहे. महाराष्ट्रात शाळेच्या बसगाड्यांसाठी २०११ मध्ये केलेल्या नियमांनी प्रत्येक शाळेत मुख्याध्यापकांच्या अध्यक्षतेखाली परिवहन समिती नेमावयास सांगितले आहे. पालक, पोलीस, परिवहन खाते आणि स्थानिक संस्था यांचे प्रतिनिधी तीत एकत्र बसणे अपेक्षित आहे. आज ही समिती बहुधा कागदावर असते. पण चार कार्यालयांत विखुरलेला प्रश्न एका मेजावर आणणारी दुसरी सोय आपल्याजवळ नाही. तिने वर्षारंभी फाटकापासून दोन्ही दिशांना चालत जाऊन कोणता फलक आहे, कोणता झाकला गेला आहे आणि कोणता लावला पाहिजे, याची यादी करावी व ती नगरपालिकेला आणि वाहतूक पोलिसांना लेखी द्यावी. एक महिन्याहून अधिक काळ राहणार नसलेल्या निर्बंधाला राजपत्रातील अधिसूचना लागत नाही, अशी सवलत कलम ११२ मध्येच आहे. तिचा आधार घेऊन शाळेच्या पहिल्या महिन्यात आकड्यासह फलक लावून प्रयोग करता येईल, आणि तो यशस्वी ठरला तर कायमची अधिसूचना मागता येईल. जिल्ह्यातील वेग मोजणाऱ्या यंत्रांपैकी एक, आठवड्यातील एक सकाळ, पाळीपाळीने शाळांसमोर उभे राहिले तरी पकडले जाण्याची शक्यता कितीतरी पटींनी वाढेल. आणि ते कोणत्या शाळेसमोर असेल हे आधी न सांगितले, तर सर्वच शाळांना त्याचा लाभ होईल.

आता पालकांविषयी एक कटू सत्य. शाळेसमोरच्या रस्त्यावर वेगाने येणारा, फाटकाला लागूनच दुचाकी आडवी लावणारा आणि पुढे-मागे मुले बसवून उलट दिशेने निघणारा माणूस बहुधा दुसऱ्या कोणत्यातरी मुलाचा बाप असतो. आपल्या मुलाला वेळेवर पोहोचविण्यासाठी तो दुसऱ्याच्या मुलाचा जीव धोक्यात घालतो, आणि आपण प्रेमापोटी घाई करीत आहोत असे मानतो. वर म्हटल्याप्रमाणे या यादीत शिक्षकांचाही समावेश आहे.

विद्यार्थ्यांनी ओढलेल्या खडूच्या रेघा पहिल्याच सरीत वाहून गेल्या. पण त्या दिवसापासून त्या रस्त्यावर आलो की त्या दोन रेघा मला दिसतात, आणि मी मनातल्या मनात सहापर्यंत मोजतो. प्रत्येक चालकाच्या मनात अशा रेघा उमटविणे शक्य नाही, म्हणूनच त्या रस्त्यावर पक्क्या रंगाने ओढाव्या लागतात, त्यांच्यापुढे आकड्याचा फलक लावावा लागतो आणि त्या फलकापाशी कधीतरी यंत्र घेतलेला पोलीस उभा करावा लागतो. या तिन्ही गोष्टी कोणत्याही नगरपालिकेच्या आवाक्याबाहेरच्या नाहीत. पुढे शाळा आहे, एवढे सांगून भागणार नाही. ती शाळा आपली आहे, असे वागावे लागेल.